लांबवरचा बिघाड आणि जवळचा फ्यूज

विद्यार्थिमित्रहो, या अंकात आमच्या नावाखाली विजेवरचा पाठ पाहून तुमच्यापैकी अनेकांस आश्चर्य वाटेल. आम्ही तुम्हांस मराठी आणि इतिहास शिकवितो. प्रयोगशाळेच्या वाटेस क्वचितच जातो. परंतु गतवर्षीच्या दिवाळीच्या सुटीत एक प्रसंग असा घडला की, त्याचा उलगडा होईपर्यंत आम्हांस चैन पडेना. परत आल्यावर शास्त्राच्या शिक्षकांपाशी आम्ही तो विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “पाहिले तुम्ही, तर लिहाही तुम्हीच. आकडे मी तपासून देतो.” त्यांनी शब्द पाळला आहे. म्हणून खालील मजकुरातील भाषेचे दोष आमचे असले, तरी गणित निर्धास्तपणे वाचावे.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सतवास-कांटाफोडच्या बाजूस, लोहारदा नावाचे एक लहान गाव आहे. हा जिल्हा दक्षिणेस नर्मदेपर्यंत पोचतो. पवार आणि होळकर यांच्या राज्यांमुळे या मुलुखात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. धारला पवार, देवासलाही पवार. त्यातही देवासच्या गादीच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा एकाच शहरात राज्य करीत, हे इतिहासाच्या तासाला आपण वाचलेच आहे. आमच्या एका स्नेह्यांचे घर आणि शेती लोहारद्यास आहे. त्यांची मराठी ऐकून आमच्या कोंकणी कानांस मौज वाटते. आम्ही घरी विहिरीस ‘बांय’ म्हणतो, आणि ते मराठी बोलता बोलता सहज ‘कुआँ’ म्हणून जातात. दोघेही मराठी वाचतो आणि दोघांसही एकमेकांचे कळते.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. गव्हाला पाणी देणे चालू होते. तिन्हीसांजेच्या सुमारास शेताकडून ओरडा ऐकू आला. जाऊन पाहतो तो बांधालगत एक कालवड पडलेली आणि तिच्याजवळ जमिनीतून धूर निघत असलेला. कोणी पुढे जाऊ लागताच स्नेह्यांच्या गड्याने त्यास दंड धरून मागे खेचले. रोहित्राच्या खांबाकडे माणूस धावला, त्याने मुख्य खटका ओढला आणि मगच आम्ही जवळ गेलो. पंपाकडे जाणाऱ्या केबलीचा बांधाखालचा जोड जळून कोळसा झाला होता. कालवड मेलेली होती. त्याच बांधावरून अर्ध्या तासापूर्वी स्नेह्यांचा दहा वर्षांचा नातू चहाची किटली घेऊन गेला होता. घरातील मंडळींनी ती गोष्ट त्या रात्री परत परत सांगितली, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याचा आवाज पडला.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. खांबावरील पेटी उघडून त्याने फ्यूज काढला व आमच्या हाती दिला. फ्यूज शाबूत होता! ज्या वस्तूने सर्वांच्या आधी वितळावे, ती वस्तू जशीच्या तशी आणि केबलीचा मात्र कोळसा. “फ्यूज खोटा निघाला,” असे स्नेही संतापाने म्हणाले. वायरमनने मान हलविली. तो म्हणाला, “फ्यूज खरा आहे, दादासाहेब. पण बिघाड लांब आहे. लांबचे त्याला कळत नाही.”

लांबचे त्याला कळत नाही! या चार शब्दांचा अर्थ लावणे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

फ्यूज, म्हणजे शालेय पुस्तकातील वितळतार, ही काही विचार करणारी वस्तू नव्हे. तिच्यातून ठरावीक मर्यादेबाहेर धारा गेली की ती तापते व वितळते. आग लागली, जनावर मेले, जोड जळला यांतील काहीही तिला दिसत नाही. तिला एकच भाषा समजते, ती अँपिअरची. तेव्हा प्रश्न असा की, केबलीच्या टोकाशी दोन तारा एकमेकींस चिकटल्या असता किती अँपिअर वाहतात? पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की, शॉर्टसर्किट झाले म्हणजे अमर्याद धारा वाहते. आमचीही तीच समजूत होती. ती चुकीची आहे. धारा किती वाहणार हे त्या वाटेत असलेल्या अडथळ्यावर अवलंबून असते, आणि वाट जितकी लांब व बारीक, तितका अडथळा अधिक. आमच्या कोंकणातील कुळागरात पाटाचे पाणी सोडतात, तेव्हा तोंडाशी असलेल्या पोफळीस भरपूर मिळते आणि शेवटच्या माडाशी ओल पोचते न पोचते. उपमा सर्वांगी लागू नाही, कारण पाटाचे पाणी वाटेत जिरते, धारा तशी जिरत नाही. तरी टोकाशी जोर कमी पडतो एवढे त्यावरून समजावे.

या अडथळ्याचे दोन भाग आहेत. पहिला रोध. तो तारेच्या धातूचा गुण. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो. जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, दुप्पट केले की रोध निम्मा होतो. हे दहावीच्या पुस्तकात आहे. दुसरा भाग प्रत्यावर्ती धारेमुळे उत्पन्न होतो. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तने करते. धारा बदलली की तारेभोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि ते बदलणारे क्षेत्र त्याच धारेस विरोध करते. या विरोधास रिअ‍ॅक्टन्स म्हणतात. खांबावरील उघड्या तारा एकमेकींपासून दूर असतात, म्हणून त्यांचा रिअ‍ॅक्टन्स दर किलोमीटरला सुमारे ०.३ ओहम भरतो. केबलीत जाणारी व येणारी तार अगदी बिलगून असते. एकीचे क्षेत्र दुसरीच्या क्षेत्रास बव्हंशी खोडून काढते. म्हणून तेथे तो ०.०८ ओहमच्या आसपास राहतो.

रोध आणि रिअ‍ॅक्टन्स मिळून जो एकूण अडथळा होतो, त्याला मराठीत संरोध आणि कारागिरांच्या बोलीत इंपीडन्स म्हणतात. ‘इंपीडन्स’ हा शब्द १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या इंग्रज गृहस्थाने घडविला. हा मनुष्य वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे तारायंत्राच्या नोकरीस लागला होता. कानांनी कमी ऐकू येई. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. तारायंत्राच्या केबलींतील संदेश अस्पष्ट का होतात, हे शोधता शोधता त्याने विजेच्या गणितास नवे वळण दिले. गणितात कमी गुण मिळाले म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांनी, आणि शाळा सोडण्याची सबब शोधणाऱ्यांनी, दोघांनीही हे चरित्र आपल्या सोयीने वाचू नये एवढीच सूचना.

आता या दोन अडथळ्यांची बेरीज कशी करावी? ३ ओहम रोध आणि ४ ओहम रिअ‍ॅक्टन्स असेल, तर संरोध ७ ओहम होत नाही. ५ ओहम होतो. तुमच्यापैकी चाणाक्षांनी ओळखले असेल. हा काटकोन त्रिकोण आहे. रोध ही एक भुजा, रिअ‍ॅक्टन्स ही तिच्याशी काटकोन करणारी दुसरी भुजा, आणि संरोध हा कर्ण. तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. पायथागोरसचा सिद्धान्त आपण फळ्यावर सिद्ध करतो आणि परीक्षेनंतर विसरतो; तोच येथे खांबावर चढून बसला आहे. काटकोन यासाठी की, रिअ‍ॅक्टन्सचा विरोध रोधाच्या विरोधाबरोबर एकाच क्षणी शिगेस पोचत नाही, त्यांच्यात पाव आवर्तनाचे अंतर राहते. संमिश्र संख्यांच्या साहाय्याने हे गणित सोपे करण्याची रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ याने १८९३ साली मांडली आणि आजही अभियंते तीच वापरतात.

आता लोहारद्याच्या शेतावर परत जाऊ. स्नेह्यांची पुतणी इंदुरास विद्युत-अभियांत्रिकीची पदविका शिकते. ती सुटीसाठी घरी आली होती. ओसरीवर कागद पसरून तिने आम्हांस पुढील हिशेब करून दाखविला. “तुम्ही एकेक आकडा मोठ्याने म्हणा, म्हणजे चुकणार नाही,” असे तिने बजावले, आणि आम्ही आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणे तसे केले.

रोहित्र १०० केव्हीएचे. खालच्या बाजूस दोन फेजांत ४३३ व्होल्ट, म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल यांत २५० व्होल्ट. रोहित्राचा स्वतःचाही संरोध असतो. तो त्याच्या पाटीवर टक्क्यांत कोरलेला असतो. येथे ४.५ टक्के होता. टक्क्यांचा अर्थ समजण्यास सोपा आहे. या रोहित्राची पूर्ण भाराची धारा सुमारे १३३ अँपिअर. तिला ०.०४५ ने भागले की रोहित्राच्या अगदी तोंडाशी शॉर्टसर्किट झाल्यास किती धारा वाहील ते मिळते, सुमारे २,९६० अँपिअर. ओहममध्ये लिहायचे तर रोहित्राचा रोध ०.०३ आणि रिअ‍ॅक्टन्स ०.०८ धरला.

“रोहित्रापलीकडच्या तारांचे काय?” असे आम्ही विचारले. नर्मदेवरील इंदिरासागरसारख्या वीजघरांपासून येथवर कित्येक किलोमीटर तारा आहेत; त्यांचा अडथळा का धरू नये? ती हसली. उत्तर असे की, रोहित्राच्या वरच्या बाजूचा संरोध खालच्या बाजूस आणताना व्होल्टांच्या गुणोत्तराच्या वर्गाने लहान होतो. ११,००० व्होल्टांच्या तारेचा ५ ओहम संरोध ४३३ व्होल्टांच्या बाजूने पाहिला, तर जेमतेम ०.००८ ओहम दिसतो. म्हणून या हिशेबात त्यास सोडून दिले तरी चालते. मोठ्या कारखान्यात मात्र तसे सोडता येत नाही.

केबल चार कोअरची, अ‍ॅल्युमिनिअमची, प्रत्येक कोअर १६ चौरस मिलिमीटर; लांबी ५०० मीटर. शेतावरील झोपडीत दिवाही लागतो, म्हणून चौथी कोअर न्यूट्रलची. आता हिची लांबी इतकी का, असे कोणी विचारील. त्याचे कारण या प्रदेशाच्या पाण्यात आहे. या जिल्ह्यात विंधनविहिरी वाढत गेल्या, भूजल खोल गेले. १९९० साली देवास शहरास रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले होते. पुढे २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत हजारो तळी खोदली आणि पाणी पुन्हा वर आणले. परंतु तळे असो वा विहीर, पाणी असते तेथे खांब नसतो. खांबापासून पाण्यापर्यंत केबल न्यावीच लागते. आणि ती नेताना शेतकरी लांबी पाहतो, किंमत पाहतो, मोटर फिरते की नाही हे पाहतो. टोकाशी बिघाड झाल्यास काय, हे कोणी पाहत नाही. दुकानदारही सांगत नाही.

अ‍ॅल्युमिनिअमची एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची तार सुमारे ०.०२८३ ओहम रोध देते. त्यावरून १६ चौरस मिलिमीटरच्या एक किलोमीटर तारेचा रोध १.७७ ओहम येतो. परंतु वाहकांविषयीचे जे भारतीय मानक आहे, क्रमांक ८१३०, त्यातील कोष्टक १.९१ ओहमपर्यंत मुभा देते. पुस्तक खरे की कोष्टक? दोन्ही खरी. पुस्तकातील तार सरळ, भरीव आणि मापास तंतोतंत असते. प्रत्यक्ष कोअर अनेक बारीक तारा पिळून केलेली असते. पिळामुळे प्रत्येक तार केबलीपेक्षा किंचित लांब होते. आणि कारखान्यातील मापही थोडे इकडेतिकडे होते. हिशेब करणाऱ्याने कोष्टक धरावे. आदर्श आणि व्यवहार यांतील अंतर आकड्यात दाखविणारे कोष्टक वाङ्मयात असते तर टीकाकारांचे काम किती सोपे झाले असते!

धारा एका कोअरने जाते आणि दुसरीने परत येते. म्हणून ५०० मीटरच्या केबलीत वाट १,००० मीटरची. एकच बाजू मोजणे ही नवशिक्याची नेहमीची चूक, आणि आम्हीही ती केली. तेव्हा केबलीचा रोध १.९१ ओहम, रिअ‍ॅक्टन्स ०.०८ ओहम. रोहित्राचे मिळवून रोध १.९४, रिअ‍ॅक्टन्स ०.१६. कर्ण काढा: १.९५ ओहम. २५० व्होल्टांस त्याने भागले की १२८ अँपिअर.

हा हिशेब २० अंश तपमानाचा झाला. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. अ‍ॅल्युमिनिअमचा प्रत्येक अंशास सुमारे ०.४ टक्के. पीव्हीसी आवरणाच्या केबलीस चालू भारात ७० अंशांपर्यंत तापण्याची परवानगी असते. २० पासून ७० म्हणजे पन्नास अंश, म्हणजे रोधात वीस टक्क्यांची वाढ. १.९१ चे २.२९ झाले. पुन्हा कर्ण काढला, तो आता २.३३ ओहम. धारा १०७ अँपिअर.

याच कागदावर वरच्या बाजूस रोहित्राच्या तोंडाशी २,९६० अँपिअर लिहिलेले होते आणि खालच्या बाजूस शेताच्या टोकाशी १०७. अर्ध्या किलोमीटरच्या बारीक तारेने सत्तावीस भागांतील सव्वीस भाग गिळून टाकले होते.

आणि खांबावरचा फ्यूज ६३ अँपिअरचा होता. तुम्ही म्हणाल, १०७ हे ६३ पेक्षा पुष्कळ जास्त, मग तो वितळायला हवा होता. येथेच खरी मेख आहे. ६३ अँपिअरचा फ्यूज चौसष्टाव्या अँपिअरला वितळत नाही. या जातीच्या बंद फ्यूजांचा नियम असा की, आपल्या अंकाच्या १.६ पट धारा वाहिली, तर त्यांनी एका तासाच्या आत वितळावे. ६३ च्या १.६ पट म्हणजे १०१ अँपिअर. आपली धारा १०७. अर्थात् फ्यूज नियमानुसार वागला. त्याला कित्येक मिनिटांचा अवधी होता, आणि तेवढ्या अवधीत जोड जळला, ओली जमीन भारली गेली आणि कालवड तीवरून गेली. शिवाय जळत्या जोडातील ठिणगीचा स्वतःचा अडथळा असतो. तो मिळविला तर धारा १०७ पेक्षाही कमी भरते. वायरमन हे गणित शिकलेला नव्हता. त्याने वर्षानुवर्षे जळलेले जोड आणि शाबूत फ्यूज पाहिले होते.

येथे अभ्यासू विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट थोडी सावकाश सांगावीशी वाटते, कारण आम्हांस ती समजण्यास दोन दिवस लागले. बिघाडाचा हिशेब नेहमी दोनदा करतात. एकदा थंड तार धरून, आणि एकदा तापलेली तार धरून. थंड तारेचा रोध कमी, म्हणून धारा अधिकात अधिक येते. ती यासाठी हवी की, फ्यूज किंवा खटका तेवढी धारा तोडू शकतो की स्वतःच फुटतो हे पाहता यावे. तापलेल्या तारेचा रोध जास्त, म्हणून धारा कमीत कमी येते. ती यासाठी हवी की, एवढ्याशा धारेनेही फ्यूज वेळेवर वितळतो की नाही हे पाहता यावे. एकच केबल, एकच सूत्र, आणि प्रश्न दोन; म्हणून उत्तरेही दोन. ‘सुरक्षित बाजूने थोडे जास्त धरा’ हा व्यवहारी उपदेश येथे उपयोगाचा नाही, कारण एका प्रश्नात जास्त ही सुरक्षित बाजू आहे आणि दुसऱ्यात कमी.

मुंबईसारख्या शहरात पहिला प्रश्न भारी पडतो. तेथे रोहित्रे मोठी, केबली जाड आणि आखूड. ३०० चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या केबलीचा रोध किलोमीटरला फक्त ०.१ ओहम असतो. तो तिच्या रिअ‍ॅक्टन्सच्या जवळपास येतो, आणि मग त्रिकोणाची दुसरी भुजा दुर्लक्षून चालत नाही. तेथे बिघाडाची धारा हजारो अँपिअर असते आणि क्षणाचा विलंबही केबल वितळवितो. आपल्या १६ चौरस मिलिमीटरच्या केबलीत खांबाजवळच बिघाड होऊन २,९०० अँपिअर वाहिले, तर तिचे आवरण सुमारे १/६ सेकंदापेक्षा अधिक काळ ते सोसू शकत नाही. खेड्यात दुसरा प्रश्न भारी. शहराची पुस्तके वाचून खेड्यात तार ओढणाऱ्याची तेथेच फसगत होते.

उपाय काय, असे स्नेह्यांनी विचारले. पुतणीने तीन सांगितले. जाड केबल घ्यावी: ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तीच टोकाची धारा सुमारे २३० अँपिअर होते, आणि ६३ अँपिअरच्या फ्यूजचे वितळणे तासावरून सेकंदांच्या हिशेबात येते. पण खर्च मोठा. दुसरा उपाय स्वस्त. खांबावरचा फ्यूज पाच-सहा पंपांचा मिळून आहे. आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीस सात-आठ अँपिअर पुरतात. तेव्हा जेथून आपली केबल फुटते, तेथेच आपली स्वतंत्र पेटी बसवून तीत २५ अँपिअरचे फ्यूज घालावेत. १०७ अँपिअर हे २५ च्या चौपटीहून अधिक. असा फ्यूज काही सेकंदांत जातो. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट धारा घेते, ती मात्र त्यास सोसते. काही शहाणे लोक पुन:पुन्हा फ्यूज जातो म्हणून त्या जागी जाड तार पिळून बसवितात. त्यांच्यासाठी कोणतेही गणित नाही.

तिसरा उपाय सांगताना ती गंभीर झाली. वरील सर्व हिशेब दोन तारा एकमेकींस लागल्या तर काय, याचा आहे. परंतु एखादी तार तुटून जमिनीवर पडली, तर धारेस मातीतून परत जावे लागते. मातीच्या वाटेत २५ ओहम अडथळा धरा. कोरड्या मुरमाड जमिनीत तो याहून पुष्कळ अधिक असतो. मग धारा भरते अवघी साडेनऊ अँपिअर. ६३ चा काय, २५ चा फ्यूजदेखील तीस भार समजून शांत राहील. तार रात्रभर जिवंत पडून राहील. आणि माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्या साडेनऊ अँपिअरचा तीनशेवा भाग, गेला तरी जीव धोक्यात येऊ लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली आहेत. पडलेल्या तारेबाबत फ्यूजवर विसंबणे व्यर्थ. तेथे गळतीचा खटका लागतो. तो धारा किती गेली हे पाहत नाही. गेलेली आणि परत आलेली यांतील फरक पाहतो. फरक ठरावीक अंकाबाहेर गेला, घरांत तो बहुधा ३० मिलिअँपिअर ठेवतात, की सेकंदाच्या अंशात वीज बंद. जे मातीत गळाले ते परत आलेले नसते, हे त्यास बरोबर कळते.

तुटलेली तार दिसली तर दूर उभे राहून इतरांस अडवावे आणि वीज बंद करविण्यास माणूस धाडावा. आपण स्वतः जवळ सापडलो असू, तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत मागे सरावे. लांब टांग टाकली तर दोन पावलांखालील जमिनीच्या व्होल्टांत फरक असतो आणि तो पायांतून वर येतो. चार पायांची जनावरे याच कारणाने लवकर दगावतात, कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे आणि काळीज मधल्या वाटेत.

संरोधाचा आणखी एक उपयोग सांगून मग त्या शेतावरील शेवटची हकीकत सांगतो. अडथळा लांबीच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ओहम मोजून अंतर काढता येते. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतळाशी तारायंत्राची केबल टाकली. अशा केबली खोल पाण्यात तुटत. तेव्हा किनाऱ्यावर बसलेला अभियंता टोकाशी रोध मोजी, दर मैलाच्या ओहमांनी त्यास भागी, आणि जहाजास कोठे जायचे ते सांगे. आजही मोठ्या वीजवाहिन्यांच्या उपकेंद्रांत बसविलेली यंत्रे बिघाड होताच व्होल्ट आणि अँपिअर यांचा भागाकार करून तो आपल्या हद्दीत आहे की पलीकडे हे ठरवितात.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी नवा जोड बसला, २५ अँपिअरच्या फ्यूजांची पेटी बसली, आणि गळतीचा खटकाही आला. पुतणीने ओळखीच्या ठेकेदाराकडून संरोध मोजण्याचे यंत्र एका सकाळसाठी मागून आणले होते. पंपाच्या पेटीत तिने ते लावले. थंड तारेसाठी आमचा कागद १.९५ म्हणत होता. सकाळच्या उबेचे थोडे मिळवून १.९८ यावयास हवे होते. यंत्राने २.१३ दाखविले. स्नेही म्हणाले, “एवढ्याने काय होते? चालायचेच.” ती म्हणाली, “काका, हे ०.१५ कोठे तरी आहे.” ०.१५ ओहम म्हणजे एवढ्या केबलीच्या जवळजवळ चाळीस मीटरांचा अडथळा. केबल तर तेवढी जास्त नव्हती. तिने वीज बंद करविली, खटक्यास कुलूप लावून किल्ली स्वतःच्या पदरास बांधली आणि वायरमनला घेऊन केबलीच्या वाटेने चालत निघाली. बाभळीच्या बुंध्याशी, गवतात झाकलेला एक दुसरा जोड निघाला. त्याची आठवण कोणासच नव्हती. उघडला तेव्हा आतील एक स्क्रू सैल होता आणि त्याभोवतीचे प्लॅस्टिक काळपटून मऊ झाले होते. वायरमनने तार घासून नवा जोड आवळला. यंत्र पुन्हा लावले, तेव्हा काटा नसलेल्या त्या छोट्या चौकटीत १.९९ उमटले.